कंडेन्सर काऊन फुटतात, आणि बाबांचं फावडं

दिवाळी झाली की आमच्याकडे जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा, सीझन लागतो आणि सीझन लागला की माझं घरी जाणं बंद. म्हणजे घर काही लांब नाही, वरोरा तालुक्यातच आहे, वीसेक किलोमीटर, पण रात्री दोन वाजता पॅनेल ट्रिप झालं तर शेठ फोन कोणाला लावणार, मलाच, म्हणून मी गठाणींच्या गोडाऊनला लागून एक खोली आहे तिथंच पडून राहतो. यंदा तिसऱ्या आठवड्यात एका रात्री झोपेत आवाज आला, फट्ट, मला वाटलं दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब कोणीतरी लावला. पॅनेल रूममध्ये जाऊन पाहतो तर कंडेन्सर गेलेला. डबा फुगून टोपण वर आलेलं, तेलकट जळका वास, मागच्या पत्र्यावर काळा फराटा. (मोटरी जो बिनकामाचा, फक्त ये-जा करणारा रिअॅक्टिव्ह करंट मागतात तो जागेवरच पुरवायला हा लावतात. कॅपॅसिटरला आमच्याकडे कंडेन्सरच म्हणतात, इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षं घालवूनही माझ्या तोंडातून तेच निघतं, तर पुढे पण तेच लिहितो.)

हा काही पहिला नव्हता. मागच्या सीझनला तीन गेले होते. रिवाइंडिंगवाला भाऊ म्हणाला माल डुप्लिकेट आहे, शेठनं दुकान बदललं, नवा माल आला, तोही फुगला. मग कोणीतरी म्हणालं व्होल्टेज जास्त येऊन राहिलं असेल. मी महिनाभर रजिस्टरमध्ये दर दोन तासाला व्होल्टेज लिहिलं, ४१५ च्या आसपास, कधी ४०० कधी ४२५, यात कंडेन्सर फुटावा असं काहीच नाही. आणि मजा म्हणजे हे कंडेन्सर आधी आठ-आठ वर्षं काढायचे. मग दोन वर्षांआधी असं काय बदललं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, मीसुद्धा नाही.

बदलले होते ड्राईव्ह. रुई ओढणारे मोठे पंखे आणि रेच्यांचे (सरकी काढणाऱ्या मशिनींचे) फीडर, यांच्यावर शेठनं व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राईव्ह बसवले, बिल कमी यावं म्हणून. आणि बिल खरंच कमी आलं, ते नाकारायचं कारण नाही. पण ड्राईव्हचं खाणं मोटरीसारखं नसतं. साधी मोटर लाईनमधून करंट घेते तो गोल, एकसारख्या लाटेचा. ड्राईव्हच्या तोंडाशी सहा डायोड असतात, ते आतल्या डीसी कंडेन्सरला भरतात, आणि व्होल्टेज त्या डीसीच्या वर जाईल तेवढ्याच वेळेत करंट आत जातो, म्हणजे लाटेच्या माथ्यावर दोन घोट आणि बाकी वेळ तोंड बंद. माझ्या कॉलेजच्या सरांकडून मी पॉवर अॅनालायझर मागून आणला, ड्राईव्हच्या फेजला क्लॅम्प लावला आणि स्क्रीनवर पाहिलं तर प्रत्येक अर्ध्या लाटेवर दोन-दोन वशिंडं. बैलाला एक असते, याला दोन.

अशा लाटेचं पृथक्करण केलं की ५० हर्ट्झच्या मूळ लाटेसोबत २५० ची, ३५० ची, ५५० ची, ६५० ची अशा लाटा निघतात, म्हणजे पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक. सहा डायोडवाल्या गाडीचं हे गणित ठरलेलं आहे, सहाच्या पाढ्यात एक कमी आणि एक जास्त. पुस्तकातल्या आदर्श हिशोबात पाचवा २० टक्के आणि सातवा १४ टक्के, म्हणजे भागिले पाच, भागिले सात. खऱ्या ड्राईव्हमध्ये चोक (करंटचे झटके सौम्य करणारी गुंडाळी) नसला तर याच्याहून बराच जास्त. आणि कंडेन्सरची खोड अशी की फ्रिक्वेन्सी वाढली की त्याचा विरोध कमी होतो, २५० हर्ट्झला तो ५० च्या मानानं पाचव्या हिश्श्यानंच अडवतो. म्हणजे गावातली सगळी घाण उताराकडे यावी तसे हार्मोनिक त्याच्याच घरात घुसतात.

पण तेवढ्यानं फुटत नाही. फुटलं ते वेगळ्याच कारणानं, आणि ते कारण मला कागदावर सापडलं तेव्हा मी पॅनेल रूममध्ये एकटाच हसलो. आमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, इम्पिडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट लेव्हल (शॉर्ट झाला तर तो जास्तीत जास्त देईल तेवढी ताकद) झाली १०,००० केव्हीए (वरच्या ११ केव्ही लाईनचं सोडून देऊ, ती धरली तर आकडा अजून खाली येतो). आता याला कंडेन्सरच्या केव्हीएआरनं (त्याच्या मापानं) भागा आणि वर्गमूळ काढा, जे येईल त्या नंबरच्या हार्मोनिकला ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर यांची जोडी जमते. २०० केव्हीएआर चालू असेल तर भागाकार ५०, वर्गमूळ ७ च्या किंचित वर. म्हणजे बरोब्बर सातवा. ३०० चालू असेल तर ५.८. ४०० चालू असेल तर ५, एकदम काट्यावर पाचवा. आणि आमच्या पॅनेलमध्ये ऑटोमॅटिक रिले आहे, तो लोड बघून ५०-५० च्या स्टेप आत-बाहेर करत राहतो, कारण २०२० पासून एचटीवाल्यांचं (मोठ्या दाबावरच्या ग्राहकांचं) बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे रिअॅक्टिव्ह धरून, आणि पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाचा हिस्सा) घसरला की शेठचं तोंड उतरतं. तर तो बिचारा रिले पॉवर फॅक्टर नीट ठेवायच्या नादात दिवसभर सिस्टीमला सातव्यावरून पाचव्यावर आणि पाचव्यावरून सातव्यावर फिरवत होता. ज्या स्टेपला जोडी जुळली तिथं लहानसा हार्मोनिक करंट आतल्या आत कितीतरी पट होऊन फिरतो, आणि तो मीटरवर दिसत नाही, कंडेन्सरच्या पोटात दिसतो.

म्हणजे डुप्लिकेट माल नव्हता. उगाच त्या दुकानदाराला शिव्या घातल्या आम्ही.

याच्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे कंडेन्सरच्या आधी रिअॅक्टर, म्हणजे एक मोठी गुंडाळी टाकायची, ७ टक्क्याचा. तो टाकला की त्या जोडीची आपली फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झला येऊन बसते, म्हणजे पाचव्याच्या खाली, आणि तिच्या वरच्या कोणत्याच हार्मोनिकला ती जोडी कंडेन्सरसारखी वागत नाही. स्टेप कितीही आत-बाहेर होवोत, जुळणी होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, रिअॅक्टर टाकला की कंडेन्सरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के वाढतं, ४१५ चं ४४६ होतं, तर जुनेच ४४० वाले कंडेन्सर ठेवून नुसता रिअॅक्टर लावणारे लोक पाहिलेत मी, ते मग परत फुटतात आणि मग रिअॅक्टरला शिव्या. ४८० किंवा ५२५ वाले घ्यायचे.

आता हे केलं की कंडेन्सर वाचतात, पण हार्मोनिक कुठं जातात? कुठंच नाही, ते लाईनवरच राहतात. ट्रान्सफॉर्मर गरम, केबल गरम, आणि थोडेफार वर ११ केव्हीवर, म्हणजे गावाकडे. मला इथं नेहमी एक गोष्ट डोक्यात येते. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १००० मेगावॅटचं बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी स्टेशन आहे (एसीचं डीसी करून तिथंच परत एसी करणारं), चंद्रपूरवरून पडघ्यापर्यंत मुंबईकडे जाणारी ±५०० केव्हीची १५०० मेगावॅटची एचव्हीडीसी लाईन आहे. ते पण शेवटी मोठमोठे रेक्टिफायरच. तिथं बारा पल्सची रचना असते म्हणून पाचवा-सातवा आपसात कटतो आणि अकरावा-तेरावा उरतो, आणि त्याच्यासाठी यार्डात फिल्टरच्या रांगा उभ्या असतात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. वीज इथंच बनते, साफ पण इथंच होते, आणि मग आमच्या डोक्यावरून मुंबईला जाते, आणि खाली आमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काय येते ते आमचं आम्हाला माहीत. असो, हा विषय काढला की मी थांबत नाही.

यार्डातले ते फिल्टर ठरलेल्या नंबरला ट्यून केलेले असतात, आणि तिथं ते चालतं कारण कन्व्हर्टर ठरलेला, हार्मोनिक ठरलेले, लोड कंट्रोल रूमच्या हातात. जिनिंगात तसं काही ठरलेलं नसतं. सकाळी ओला कापूस आला की पंखे जोरात, दुपारी गाड्या संपल्या की अर्धे रेचे बंद, आणि मध्येच प्रेस. प्रेस म्हणजे १७० किलोची गठाण दाबणारं हायड्रॉलिक, दर थोड्या वेळानं ते दम लावतं आणि सगळ्या ट्यूबलाईट एकदा मान डोलावतात. वर लाईन गेली तर डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आणि डीजीवर तर फ्रिक्वेन्सी पण ५० ला थांबत नाही, लोड पडला की खाली, सुटला की वर. अशा ठिकाणी एकदा ट्यून करून ठेवलेलं काहीही संध्याकाळपर्यंत चुकीचं होतं. इथं पाहिजे ते उपकरण जे दर क्षणाला बघेल की आत्ता काय घाण आहे आणि तेवढीच उलटी घाण सोडून तिला मारेल. त्यालाच अॅक्टिव्ह फिल्टर म्हणतात. आत आयजीबीटीचा (झपाट्यानं चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचा) इन्व्हर्टर, मागे डीसी कंडेन्सर साधारण ७०० व्होल्टवर (४१५ च्या लाटेचा माथाच ५८७ ला जातो, त्याच्या वर राहावं लागतं), आणि बाहेर तीन सीटी, म्हणजे केबलभोवती बसणारी कडी, जी लोडचा करंट सांगतात.

इन्व्हर्टर बनवणं आता कठीण राहिलं नाही. खरी मेख आहे ती वेगळीच, की या वेड्यावाकड्या करंटमधला चांगला भाग कोणता आणि वाईट कोणता हे ओळखायचं कसं, तेही काही मिलिसेकंदात. जपानचे हिरोफुमी अकागी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये क्षणिक पॉवरची थिअरी मांडली, तीन फेजचे दोन अक्ष करून पॉवरचा सरळ भाग आणि डुलणारा भाग वेगळा करायचा, अॅक्टिव्ह फिल्टरचं आजचं अर्ध दुकान त्याच्यावर उभं आहे. पण ती थिअरी व्होल्टेज स्वच्छ आहे असं धरून चांगली चालते. आमच्या फीडरचं व्होल्टेज स्वच्छ! माझ्या अॅनालायझरवर लाटेचा माथा चपटा झालेला दिसत होता, कोणीतरी वरून थाप मारल्यासारखा, आणि तीन फेज तीन उंचीच्या.

मग दुसरा रस्ता, जो मला मनापासून आवडतो. १९६० मध्ये स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी एलएमएस नावाची पद्धत काढली. हा हॉफ म्हणजे तोच, जो पुढे इंटेलमध्ये गेला आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कामात होता. ती पद्धत काही वीज साफ करायला काढलेली नव्हती. १९७५ मध्ये विड्रो आणि मंडळींनी एक पेपर लिहिला, त्यात ईसीजीमध्ये घुसणारी लाईनची गुणगुण कशी काढायची ते दाखवलं (त्यांच्याकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०), आणि त्याच पेपरमध्ये गरोदर बाईच्या पोटावरच्या सिग्नलमधून आईचे ठोके वजा करून बाळाचे ठोके वेगळे काढले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर होतो आणि कोणाला तरी सांगावं म्हणून खाली आलो तर सगळे क्रिकेट बघून राहिले होते. आपल्याकडे हेच तंत्र वीज साफ करायला वापरण्याचं काम आयआयटी दिल्लीच्या प्रा. भीम सिंग यांच्या ग्रुपनं खूप केलं आहे, एलएमएस आणि त्याचे कितीतरी भाऊबंद त्यांनी वितरणातल्या कॉम्पेन्सेटरला लावून पाहिले.

पद्धत ऐकायला एवढी साधी की विश्वास बसत नाही. लाईनच्या व्होल्टेजवरून एक स्वच्छ साईन लाट बनवायची आणि तिच्या ९० अंश अंतरावरची कोसाईन. मग अंदाज करायचा की लोडच्या करंटमधला ५० हर्ट्झचा खरा भाग म्हणजे साईनचे इतके आणि कोसाईनचे इतके. या दोन आकड्यांना वजनं म्हणतात, सुरुवातीला दोन्ही शून्य ठेवले तरी चालतात. खऱ्या करंटमधून आपला अंदाज वजा करा, जे उरलं ती चूक. त्या चुकीला साईननं गुणा, एका लहान आकड्यानं गुणा, आणि पहिल्या वजनात मिळवा. कोसाईनचं तसंच दुसऱ्या वजनात. झालं, पुढचा सॅम्पल. काही वेळानं वजनं जागेवर बसतात. साईनचं वजन म्हणजे खरं काम करणारा करंट, कोसाईनचं म्हणजे रिअॅक्टिव्ह, आणि जी चूक कितीही शिकलं तरी संपत नाही, उरतेच, तीच तर हार्मोनिक! म्हणजे जे पकडायचं होतं ते चुकीच्या डब्यात आपोआप जमा. तीन फेजची साईनची वजनं मिळून सरासरी काढली आणि लाईनला सांगितलं की प्रत्येक फेजनं एवढंच द्या, तर फेजचा असमतोल पण फिल्टर आपल्या अंगावर घेतो.

सगळी गोम त्या लहान आकड्यात आहे. पुस्तकात त्याला म्यू म्हणतात, स्टेप साईज. मी एका स्वस्त मायक्रोकंट्रोलरला सीटी लावून लॅपटॉपवर पायथनमध्ये हे करून पाहत होतो, सेकंदाला ३२०० सॅम्पल, म्हणजे एका लाटेत ६४. (फक्त मोजायला. आयजीबीटी घरी जोडायच्या भानगडीत पडलो नाही, ७०० व्होल्ट डीसी काही कुंपणाचं झटका मशीन नाही.) म्यू किती ठेवायचा ते काही केल्या जमत नव्हतं. आणि ते मला कळलं वावरात.

रविवारी घरी गेलो होतो. आमच्या फीडरला तो आठवडा रात्रीच्या थ्री फेजचा होता, तर बाबा रात्री दहाला गव्हाचं ओलित करायला निघाले. आमच्या भागात रात्री वावरात एकटं जायचं म्हणजे वाघाची धास्ती, रानडुकरं तर नेहमीचीच, म्हणून मी पण गेलो, बॅटरी घेऊन. बाबा दांडाच्या (पाण्याच्या पाटाच्या) काठानं फिरत होते, एका वाफ्याचं तोंड थोडं उघडायचं, थांबून पाणी शेवटापर्यंत कसं सरकते ते पाहायचं, परत फावड्यानं थोडी माती ओढायची, जास्त वाटलं तर परत टाकायची.

"काय पाहून राहिला रे एवढं?"

"बाबा, एका खेपेला एवढीच माती काऊन काढता? एकदमच काढा ना."

"एकदम काढली का दांड फुटते. मंग पाणी कुठंबी जाते, ते आवरता आवरता सकाळ होते."

"आन थोडी थोडीच काढली तं?"

"तं लाईन जाते. शेवटचा वाफा कोरडाच राह्यते."

मी तिथंच बांधावर बसलो. यापेक्षा चांगलं मला एम.टेक.च्या दोन सेमिस्टरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं (तिसरं मी केलंच नाही, तो किस्सा नंतर कधी). शेवटच्या वाफ्यात जे पाणी कमी पडतं ती चूक, फावडं म्हणजे म्यू, आणि दांडाच्या तोंडाची उघड म्हणजे वजन. बाबांना जमिनीचा उतार माहीत नाही, विहिरीचं पाणी मिनिटाला किती लिटर येतं ते माहीत नाही, फिल्टरला पण लोडचं मॉडेल माहीत नसतं. दोघंही फक्त शेवटी काय उरलं ते बघून हात हलवतात. आणि हात केवढा हलवायचा याला दोन्हीकडून मार आहे.

रात्री परत येऊन हिशोब मांडला. साईन-कोसाईनच्या जोडीला स्थिरावायला साधारण दोन भागिले म्यू एवढे सॅम्पल लागतात. म्यू ०.०३ घेतला तर ६७ सॅम्पल, म्हणजे जवळपास एक लाट, २० मिलिसेकंद. ०.००३ घेतला तर दहा लाटा, तोवर प्रेसचा दम लावून झालेला असतो आणि फिल्टर मागच्या लोडचं औषध आत्ताच्या लोडला पाजत असतो. ०.३ घेतला तर दोन मिलिसेकंदात पळत येतो, पण मग तो इतका हावरट होतो की हार्मोनिकला पण मूळ लाटच समजून वजनं थरथरवत राहतो, पाचवा हार्मोनिक वजनात चौथ्या आणि सहाव्याच्या रूपानं घुसतो, आणि जे लाईनमधून काढायचं तेच परत लाईनला मागतो. दांड फुटला. प्रेसच्या रेकॉर्ड केलेल्या डेटावर तिन्ही चालवून पाहिले, ग्राफ बघूनच कळत होतं. पुढं लोकांनी याच्यावर बदलता म्यूच काढला, चूक मोठी असली की फावडं मोठं, पाणी शेवटापर्यंत आलं की फावडं लहान. बाबा ते कधीपासूनच करतात.

साईन लाट कुठून आणायची हा एक वेगळा वैताग. चपट्या माथ्याच्या व्होल्टेजवरून सरळ काढली तर साच्यातच खोट, मग त्या साच्यानं मोजलेलं सगळं खोटं. म्हणून आधी व्होल्टेजलाच एका अडॅप्टिव्ह गाळणीतून काढतात, पीएलएल किंवा त्याच घराण्यातलं काहीतरी, जे फ्रिक्वेन्सीच्या मागं मागं चालत राहतं. ग्रीडवर त्याला फारसं काम नसतं, ग्रीड बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ मध्येच असतो. डीजीवर त्याची खरी परीक्षा, प्रेस लागली की इंजिन कण्हतं आणि फ्रिक्वेन्सी खाली उतरते, आणि ५० धरून बसलेली साईन लाटेच्या मागं-पुढं घसरते. माझा पहिला प्रोग्रॅम तिथंच आपटला होता.

मग शेठच्या मागं लागून एका सप्लायरचा अॅक्टिव्ह फिल्टर डेमोला आणवला, चार दिवसांसाठी. त्यांचा इंजिनिअर पोरगा सकाळी आला, चहा झाला, जोडणी झाली, चालू केलं, आणि आर फेजचा टीएचडी (एकूण हार्मोनिक घाणीचा टक्का) कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट. शेठ माझ्याकडे बघून राहिले. पोरगा घामाघूम, सेटिंग बदलून राहिला, मी म्हटलं थांब बावा, सेटिंग नंतर, आधी सीटी पाहू. आर फेजचा सीटी उलटा. बाण ट्रान्सफॉर्मरकडे. फिल्टर प्रामाणिकपणे काम करत होता, फक्त घाण वजा करायच्या जागी मिळवत होता. शिकणाऱ्या कोणत्याही यंत्राला चूक कोणत्या दिशेला आहे तेच उलटं सांगितलं की ते तेवढ्याच मन लावून बिघडवतं. सीटी फिरवला आणि पाच मिनिटांत ती वशिंडं गायब, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला गोल लाट. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकात, ज्याच्या लोडच्या मानानं शॉर्ट सर्किट लेव्हल लहान अशा ग्राहकाला करंटच्या घाणीची मर्यादा ५ टक्के आहे, आमचं रेशो जरा बरं म्हणून ८ मध्ये बसतं, आणि आम्ही त्याच्या आत आलो होतो. मी फोटो काढून सरांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी प्रेसच्या वेळेला लाईट किंचित फडफडायला लागले, जे आधी नुसते एकदा मान डोलवायचे. त्या पोरानं रिअॅक्टिव्ह पॉवरचा गेन एकदम वर नेऊन ठेवला होता, व्होल्टेज लवकर उचलावं म्हणून. मी म्हटलं फावडं लहान कर. त्याला काही कळलं नाही, मग समजावून सांगितलं, त्यानं गेन उतरवला, फडफड गेली.

आता हे वाचून आमच्या गावचे दोघं-तिघं फोन करणार की डीपीवर हा फिल्टर लावला तर मोटर जळणं थांबेल का, तर सांगून टाकतो, नाही. पंपाच्या मोटरी जळतात त्याचं मुख्य कारण हार्मोनिक नाही. शेवटच्या पोलावर व्होल्टेज ३३० ला येतं, मोटर तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते आणि वाइंडिंग भाजतं, नाहीतर एक फेज अर्धा असतो, आणि व्होल्टेजमधला एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसतो. त्यात अर्धं गाव सिंगल फेजवर कंडेन्सरचा जुगाड लावून मोटर चालवतं, दुसऱ्या फेजवरचा भार कोणाच्या बापाचा. अॅक्टिव्ह फिल्टरचा भाऊ स्टॅटकॉम रिअॅक्टिव्ह करंट सोडून व्होल्टेज उचलू शकतो, पण त्यासाठी लाईनमध्ये रिअॅक्टन्स (गुंडाळीसारखा विरोध) पाहिजे, आणि आपली एलटी (४१५ व्होल्टची) लाईन म्हणजे लांबलचक बारीक तार, सगळा रेझिस्टन्स, तिथं तो कितीही जीव लावला तरी फार उचलत नाही. तिथं डीपी जवळ पाहिजे आणि तार जाड पाहिजे. त्याला अल्गोरिदम नाही. सोलर पंप आलेत त्यांचं वेगळं, त्यांच्यातल्या ड्राईव्हला लाईनच नाही, तर हार्मोनिक कोणाला पाठवणार.

डेमो संपला, फिल्टर गेला. शेठनी किंमत विचारली, ऐकली, आणि सरकीचे भाव काय चालले ते मला सांगितलं. मग रिअॅक्टर आणि ५२५ वाले कंडेन्सर तेवढे मंजूर झाले, ते मागच्या आठवड्यात बसवले, तेव्हापासून एकही डबा फुगला नाही. फिल्टरचं पुढच्या सीझनला बघू म्हणाले. ट्रान्सफॉर्मर अजून गरमच आहे, मी रोज संध्याकाळी तेलाचं टेम्परेचर लिहून ठेवून राहिलो, पुढच्या सीझनला त्यांच्यासमोर ठेवायला.

सोमवारपासून परत आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे. बाबांचा सकाळीच फोन आला, गव्हाला तिसरं पाणी द्यायचं आहे, येशील का म्हणून. शेठला सांगून ठेवलं की सोमवारी रात्री पॅनेल ट्रिप झालं तर सकाळपर्यंत होऊ द्या.